पुसदच्या कूलरचं समुद्राशी वैर

मित्रांनो, माझ्यासमोर समुद्राचं नाव काढू नका, हे आधीच सांगून ठेवतो. त्याचं कौतुक कानावर पडलं की माझी पाती उगाच खडखडायला लागतात.

मी एक जुना, पत्र्याचा कूलर आहे. जन्म पुसदचा, सगळी हयात पुसदच्या उन्हात गेली, आणि म्हातारपणी मात्र आफ्रिकेतल्या मोंबासा नावाच्या शहरात, समुद्राकाठच्या एका उंच इमारतीच्या गॅलरीत येऊन पडलो आहे. माझ्या बोलण्यात जळकेपणा दिसला तर दिसू द्या. मी आहेच जळका. लोकांना थंडावा देणाऱ्याच्या पोटात आग नसते, असं तुम्हाला कोणी सांगितलं?

मला मोहिउद्दीनमियांनी घडवलं. पुसदला बाजारामागच्या गल्लीत त्यांचं पत्र्याच्या कामाचं दुकान होतं. थंडी सरत आली की तिथं अशी ठोकाठोकी सुरू व्हायची, की शेजारच्या शिंप्याला गिऱ्हाइकाशी ओरडून बोलावं लागे. बाकीचे कारागीर कूलरचे कोपरे वेल्डिंगनं जोडत. मोहिउद्दीनमियां मात्र नट-बोल्ट लावत. कूलर दर वर्षी पूर्ण उघडायचा, घासायचा, वाळवायचा आणि मगच माणसांच्या खोलीला लावायचा, असा त्यांचा कायदा होता.

"वेल्डिंगचा कूलर मंजे रुसलेला पाहुना," ते म्हणत. "आतमधी काय चालून राह्यलं, कोनाले समजत नाही."

खरं सांगायचं तर मला एका हॉटेलवाल्यासाठी बनवलं होतं. पण माझी डावी बाजू किंचित तिरपी आली आणि तो नाक मुरडून निघून गेला. मग मोहिउद्दीनमियांनी मला निळा रंग दिला, हातगाडीवर घातलं आणि स्वतःच्या घरी आणून पश्चिमेच्या खिडकीत बसवलं. त्याच उन्हाळ्यात त्यांच्या घरी मुलगा झाला. त्याचं नाव शाहिद. त्याला अंगाई कोणी म्हटली ते मला माहीत नाही, पण झोपवलं मी, माझ्या घरघरीनं.

तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातला मे महिना पाहिला असेल तर माझी किंमत तुम्हाला वेगळी सांगायला नको. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. दाराची कडी हाताला चटका देते. अशा वेळी माझी वाळ्याची ताटी भिजलेली असे आणि बाहेरची भट्टीसारखी हवा तिच्यातून आत येताना मऊ, सुगंधी होऊन येई. मोहिउद्दीनमियांच्या बायकोची, जैनबबीची ती खोली म्हणजे दुपारी गल्लीतल्या बायकांची बैठकच. पलीकडच्या घरातली रुपीबाई गहू निवडायला येई, कोणी शेवया वळायला येई. घरात हिंदी आणि वऱ्हाडीची अशी खिचडी शिजे, की कोणाचं वाक्य कुठं सुरू झालं आणि कुठं संपलं कळत नसे. शाहिद रांगता रांगता माझ्या जाळीला नाक लावी आणि "आऽऽ" म्हणे. माझी पाती त्याच्या आवाजाचे तुकडे करत. तो खदखदून हसे आणि पुन्हा "आऽऽ" म्हणे. मित्रांनो, हे असं कौतुक एकदा चाखलं ना, की मग ते दुसऱ्याच्या ताटात पडलेलं सहन होत नाही.

शाहिद मोठा झाला आणि काय शिकला असेल? एसी दुरुस्ती! माझ्या हवेत वाढलेलं पोर त्या पांढऱ्या, गुळगुळीत, भिंतीला पालीसारख्या चिकटणाऱ्या यंत्रांची नाडी बघायला लागलं. मी तेव्हाच पहिल्यांदा रुसलो. पुढं त्याला मोंबासाच्या एका मोठ्या हॉटेलात नोकरी लागली. उमरखेडच्या नुजहतशी त्याचं लग्न झालं, तीही तिकडं गेली. काही वर्षं भाड्यानं काढली आणि मग एक दिवस मोबाइलवर त्याचा आनंदानं फुललेला चेहरा दिसला. त्यानं समुद्राकाठी फ्लॅट घेतला होता.

"अम्मी, समुद्र पाय!" म्हणत त्यानं मोबाइल गॅलरीबाहेर धरला. जैनबबी नेहमीप्रमाणं माझ्यासमोर बसली होती. मोबाइलात निळंशार काहीतरी हलत होतं.

"या अल्ला, केवढं पानी!" ती म्हणाली. "अन् हवा कशी येते रे?"

"हवाच हवा आहे अम्मी. खिडकी उघडली का झालं. ना ताटी, ना पंप."

ना ताटी, ना पंप! माझ्या तोंडावर बोलला तो हे. आणि जैनबबीनं काय करावं? तिनं डोळे मिटले आणि जणू ती समुद्राची हवाच अंगावर घेते आहे, असा श्वास घेतला. अंगावर हवा माझी होती, मित्रांनो! माझी ताटी त्या क्षणी ठिबकत होती.

शेजारचे रूपसिंग तेवढे माझ्या बाजूचे. ते रुपीबाईचे यजमान, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. त्यांनी मोबाइलमध्ये डोकावून विचारलं, "जागा तुया नावावर झाली काय?"

"जमीन नाही होत चाचा. बाहेरच्या मानसाले तिथं नव्व्यान्नव वर्सांचा करार करून देतात."

"मंग शंभराव्या वर्सी काय करशीन बाप्पा?"

सगळे हसले. मी मात्र हसलो नाही. नव्व्याण्णव वर्षं! माझी ताटी एक उन्हाळा काढते आणि पुढच्या वर्षी नवी लागते. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मोबाइल वाजायचा आणि रोज समुद्र घरात यायचा. आज त्याचा रंग बघा, आज त्याच्या लाटा बघा. त्याला घासावं लागत नाही, त्याची टाकी कोणी भरत नाही, आणि सगळे त्याच्यावर खूश. माझ्या पंपात एकदा गाळ अडकला तर घरभर बोंब होई.

मग एका हिवाळ्यात शाहिदनं मनातलं बोलून टाकलं. "अब्बा, तुमी दोघं इकडेच या कायमचे. पुसदचं घर अन् दुकान काढून टाकू. गिऱ्हाईक तयार आहे. तुमी तिकडे, आमी इकडे, असं किती दिवस?"

मोहिउद्दीनमियां पेचात पडले. पोरगं प्रेमानं बोलवत होतं, त्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं? त्यांनी इकडं तिकडं पाहिलं आणि त्यांची नजर माझ्यावर, म्हणजे कोपऱ्यात गोणपाट पांघरून बसलेल्या कूलरवर थांबली.

"येतो ना," ते म्हणाले. "पन मह्या कूलरबिगर मले झोप येत नाही. तो येत असन तर मी येतो."

त्यांना वाटलं, सुटलो. पण शाहिद त्यांचाच मुलगा. "घेऊन या," तो म्हणाला.

बहाणा अंगावर आला. पण मला काय आनंद झाला म्हणून सांगू! ज्या समुद्रानं माझं माणूस पळवलं, माझ्या जैनबबीचं मन पळवलं, त्याच्यासमोर एकदा उभं राहायचं आणि दाखवून द्यायचं की थंड हवा कशाला म्हणतात. नट-बोल्ट असल्यामुळं मी सहज सुटा झालो. माझे पत्रे चादरीत गुंडाळले गेले, टाकीत जैनबबीची भांडी बसली आणि माझी मोटर मोहिउद्दीनमियांच्या कुर्त्यांमध्ये झोपली. नागपूरच्या विमानतळावर तपासणीवाल्यानं पडद्यावर मोटर बघून विचारलं, "चाचा, ये क्या है?"

"कूलर."

"समुंदर किनारे कूलर ले जा रहे हो?"

"हमारे यहां का है," मोहिउद्दीनमियां ताठ मानेनं म्हणाले. जणू मी संत्र्यांची पेटी होतो!

घर रूपसिंगच्या हवाली होतं. मोंबासा आवडलं तर घर विकायचं, नाही आवडलं तर परत यायचं, असं ठरलं होतं. गिऱ्हाईक थांबायला तयार होतं.

शाहिदचं घर खरोखर सुंदर होतं, मित्रांनो. हे कबूल करताना माझ्या पत्र्याला किती कष्ट पडतात, ते माझं मला ठाऊक. मोहिउद्दीनमियांनी मला गॅलरीत जोडलं, हॉलच्या खिडकीला तोंड करून. पुसदहून आणलेली नवी ताटी चढवली. शाहिद बाजूला उभा होता. एकदा हळूच म्हणाला, "अब्बा, इथली हवा दमट आहे. इथं कूलर…"

"पोरा, तुया जनमाच्या आंधीपासून कूलर बनवून राह्यलो मी," मोहिउद्दीनमियां म्हणाले. शाहिदनं मुकाट्यानं माझ्या वायरला तिथल्या बोर्डात बसेल असा प्लग लावून दिला.

बटण दाबलं. पंखा फिरला, पंप चालला, ताटीवरून पाणी उतरलं. मी छाती फुगवून हवा सोडली. आणि मित्रांनो, काहीच झालं नाही. हवा आत गेली तशीच बाहेर आली, उलट जास्त ओली होऊन.

मी घाबरलो. पुन्हा जोर लावला. तेव्हा मला कळलं. पुसदची हवा तहानलेली असते. माझ्या ताटीतून जाताना ती घटाघटा पाणी पिते, म्हणून गार होते. समुद्राच्या हवेचं पोट आधीच भरलेलं. ती माझ्या पाण्याला तोंडसुद्धा लावत नव्हती. त्या पाहुणीनं माझ्यासमोर बसून माझं ताट परत केलं. आणि खाली तो समुद्र आपला हसल्यासारखा आवाज करत होता.

पण खरी गंमत पुढं आहे. मोहिउद्दीनमियां माझ्यासमोर खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "वा! क्या ठंडी हवा है!"

जैनबबीनं त्यांच्याकडं पाहिलं, कुर्ता पाठीला चिकटलेला पाहिला आणि म्हणाली, "हो ना. एकदम पुसदसारखी."

असा खोटेपणाचा संसार सुरू झाला. मी दिवसभर चालायचो. घरातलं मीठ पाणी सुटून ओलंगच्च झालं, पापड कातड्यासारखे वाकायला लागले, जैनबबीची जानमाज, म्हणजे नमाजाची चटई, वाळेना. माझ्यासमोरच्या भिंतीवर हिरवट डाग आला. ती तो रोज गुपचूप पुसायची, म्हणजे नवऱ्याला दिसू नये. नुजहतला सगळं दिसत होतं, पण तीही सासऱ्यासमोर चादर खांद्यावर ओढून म्हणायची, "अब्बा, थंडी वाजून राह्यली." बिचारीच्या कपाळावर घाम असे.

संध्याकाळी जैनबबी नुजहतबरोबर वाळूत फिरायला जाई. शहाळं विकणाऱ्याला तिथल्या भाषेत 'मदाफू' म्हणून हाक मारायला शिकली होती. परत आली की तिच्या पायांना वाळू असे आणि चेहरा उजळलेला. ती समुद्राचं बोलत बसे. मी गॅलरीत टपटपत ऐकत असे. हेवा काय असतो, ते मी तिथं शिकलो. पुसदला मी फक्त रुसायचो.

मोहिउद्दीनमियां मात्र वाळूत जात नसत. मार्च उजाडला आणि पुसदहून त्यांना फोन यायला लागले. "मोहिउद्दीनभाई, ताटी कधी बदलता?" "चाचा, पंप आवाज करून राह्यला." ते गॅलरीत माझ्याजवळ येऊन, आवाज दाबून म्हणत, "येतो ना. परवा पक्का येतो." परवा! समुद्र ओलांडून! फोन ठेवला की ते पाना घेऊन माझा एखादा बोल्ट उगाच आवळत. सैल काहीच नसे.

एका दुपारी शाहिद जेवायला घरी आला. "अब्बा, पुसदचं गिऱ्हाईक आज जबाब मांगून राह्यलं. हो म्हनू?"

मोहिउद्दीनमियां माझ्यासमोर बसले होते. दाढीच्या टोकावरून घाम थेंब थेंब गळत होता. "हो म्हन," ते म्हणाले. "मस्त आहे इथं. हवा पाय ना, कशी गार येते."

शाहिदनं माझ्या जाळीसमोर हात धरला. तसाच धरून उभा राहिला. तेवढ्यात जैनबबी आतून आली. तिनं भाकरीच्या पिठाचे हात पदराला पुसले.

"शाहिद, तू हवेचा मिस्त्री न? मंग पाय बरं, या कूलरमधी काही बिघाड आहे काय?"

"नाही अम्मी."

"पंखा चालू आहे?"

"आहे."

"पंप? ताटी?"

"सगळं बराबर आहे."

"मंग गार काहून नाही करून राह्यला?"

"अम्मी, त्याचा काही दोष नाही. त्याले तिथलं ऊन लागते. इथं तो…"

एवढं बोलून शाहिद थांबला. त्यानं वडिलांकडं पाहिलं. मोहिउद्दीनमियांनी मान खाली घातली होती आणि ते हातातला पाना उगाच फिरवत होते.

शाहिदनं मोबाइल काढला आणि रूपसिंगना लावला. "चाचा, त्या मानसाले नाही म्हनून सांगा. घर विकायचं नाही. अन् जरा झाडून ठेवजा. अब्बा-अम्मी येऊन राह्यले."

"कूलरही येऊन राह्यला ना?" पलीकडून रूपसिंग ओरडले.

"तो आल्याबिगर अब्बा कायले येतात!" शाहिद हसला, पण डोळे पुसत हसला. जैनबबी म्हणाली, "मी मधामधात येत जाईन रे. मले तुया समुद्र आवडते." मित्रांनो, एवढ्या आनंदातसुद्धा ते वाक्य मला टोचलंच. पण मी सोडून दिलं. मला पुसद दिसायला लागलं होतं. मी हरलो म्हणून घर वाचलं होतं, आणि ते घर माझंही होतं.

जायच्या आदल्या दिवशी मोहिउद्दीनमियां मला उघडायला बसले. पहिल्या बोल्टला पाना लावला. बोल्ट हलेना. दुसरा हलेना. समुद्राच्या खारट हवेनं इतक्या महिन्यांत माझे सगळे सांधे गिळून टाकले होते. त्यांनी तेल सोडलं, हातोडीनं हलकेच ठोकलं, बोल्टची डोकी झिजून गोल झाली, पण एकही नट सुटला नाही. ज्या नट-बोल्टांचा त्यांना आणि मला एवढा अभिमान, त्यांनीच मला जखडलं. रुसलेला पाहुणा शेवटी मीच ठरलो.

"अब्बा, कटर आनतो," शाहिद म्हणाला. "कापू अन् तिकडे जोडून घेऊ."

"नाही," मोहिउद्दीनमियां म्हणाले. त्यांनी माझ्या तिरप्या डाव्या बाजूवर हात ठेवला. "कापायचा नाही त्याले. राहू दे तुयापाशी. पन पानी नको टाकजो. कोरडा ठेवजो."

ते दोघे गेले. मी राहिलो. समुद्राच्या अगदी समोर, त्याच्याच पाहुणचारात.

आता शाहिद सुटीच्या दुपारी गॅलरीत चटई टाकतो आणि मला कोरडंच चालू करतो. हवेसाठी नाही, माझ्या घरघरीसाठी. एसीच्या खोलीत त्याला झोप लागत नाही म्हणतो. एकदा नुजहत घरात नाही असं पाहून त्या दाढीवाल्या माणसानं माझ्या जाळीला नाक लावलं आणि "आऽऽ" म्हटलं. मी त्याच्या आवाजाचे तुकडे केले. पाती गंजली आहेत, तरी केले.

तुम्हाला वाटेल, आता तरी याचा जळकेपणा गेला असेल. ऐका तर. या एप्रिलमध्ये पुसदहून मोबाइलवर फोन आला. शाहिद माझ्याजवळच बसला होता. पडद्यावर पश्चिमेची खिडकी दिसली. माझी खिडकी! आणि तिच्यात एक कोरा, निळा, सरळ बाजूंचा कूलर बसला होता. त्याच्यासमोर जैनबबी आणि रुपीबाई शेवया वळत होत्या. मोहिउद्दीनमियां कोरड्या खडखडीत कुर्त्यात, हातात पाना घेऊन उभे होते.

"आमचा बुढा कसा आहे रे?" जैनबबीनं विचारलं. शाहिदनं मोबाइल माझ्याकडं वळवला. तिनं मला पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. मागं पाणी चमकत होतं, पण या वेळी समुद्राबद्दल तिनं एक शब्द काढला नाही.

मित्रांनो, कोणाला प्रेमानं लांब कुठं नेणार असाल तर नुसतं घर सुंदर आहे का ते बघू नका. त्याचं काम ज्या हवेवर चालतं ती हवा तिथं आहे का, तेही विचारा. आणि तुमच्या घरी कूलर असेल तर त्याला दर वर्षी उघडा, घासा, वाळवा. त्याचे बोल्ट सुटताहेत तोवर.

समुद्राशी माझं वैर आता संपलं. तो बिचारा आपल्या जागी आहे. मला आता हेवा वाटतो तो त्या खिडकीतल्या नव्या कूलरचा. त्याच्या रंगाचा नाही, सरळ बाजूंचाही नाही. त्याच्या पाठीवर तिथलं ऊन पडतं, त्याचा.